शहात्तर सालची सायकल

मधूभाऊ काळबांडे पार्सलची दोरी कधी कापत नसत. वर्ध्याजवळच्या सेलूच्या पोस्टात पोस्टमास्तर म्हणून माझी बदली झाली त्या पहिल्याच आठवड्यात हे माझ्या लक्षात आलं. लोक जिथे पाकिटांना डिंक लावतात त्या कोपऱ्यातल्या टेबलाशी ते उभे होते आणि नखाने एकेक गाठ सोडवत होते. मागे रांग वाढत होती, पंखा गरगरत होता, आणि या गृहस्थांना कसलीच घाई नव्हती. मी काउंटरवरून विचारलं, "कात्री देऊ का?"

"नको, मॅडम," ते मान वर न करता म्हणाले. "ज्यानं बांधलं त्यानं मन लावून बांधलं. आपण कच्चकन कापून टाकावं, बरं नाई दिसत ते."

खोक्यातून सायकलच्या ब्रेकच्या दोन मुठी निघाल्या. त्यांनी त्या खिडकीशी नेल्या, उजेडात फिरवून पाहिल्या, रबरावर नख दाबलं, मग चक्क वास घेतला. नंतर त्याच खोक्यात, त्याच कागदात, त्याच दोरीने त्या पुन्हा बांधल्या आणि पार्सल माझ्यासमोर ठेवलं.

"हे वापस पाठवाचं आहे. कोलकात्याले."

"खराब निघालं?"

"नाई नाई, माल एक नंबर आहे. पण ऐंशी सालचा आहे. माही सायकल शहात्तरची आहे."

मला वाटलं, गंमत करताहेत. "चार वर्षांनी काय बिघडतं, भाऊ?"

तेव्हा कुठे त्यांनी मान वर केली आणि अगदी शांतपणे विचारलं, "तुमच्या लग्नाच्या फोटोत तुमच्या पोरीले उभं केलं तं चालन काय?"

पार्सल घेतलं मी. त्यानंतरच्या काही वर्षांत त्यांच्या नावाची किती पार्सलं माझ्या हातून आली आणि गेली, याचा हिशोब नाही.

पोस्टासमोरच त्यांचं दुकान होतं. शेतातल्या मोटरपंपांचे सुटे भाग, नट-बोल्ट, वायसर, पाइप, असला माल. बुटका, काटक माणूस. पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, त्याच्या मनगटाशी एकच घडी. साठी गाठलेली होती, पण पोटऱ्या दगडासारख्या. गिऱ्हाईक आलं आणि म्हणालं, "भाऊ, एक वायसर द्या," की हे आधी विचारायचे, "कोण्या मोटरचं? साल काय?" शेतकरी वैतागायचा. मोटर बापाने घेतलेली, तिचं साल कोणाला ठाऊक. मग भाऊ प्रश्न विचारून ते काढायचे. विहीर कधी खोदली, तेव्हा थोरली पोरगी केवढी होती, गावात लाइट आली होती का. शेवटी साल निघायचं आणि वायसरही निघायचं. पण तोवर त्या घराचा अर्धा इतिहास दुकानात सांडलेला असायचा. दोन मिनिटांच्या कामाला अर्धा तास लागतो म्हणून कितीतरी गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. भाऊंना त्याचं फारसं काही वाटत नसे.

त्यांना राग येत नसे असं नाही. मात्र राग आला की ते कशाला तरी तेल द्यायचे. दुकानाचं शटर, फाटकाची कडी, कोणाच्याही सायकलची चेन. एखाद्या सकाळी शटर अजिबात न कुरकुरता वर गेलं, की आमचा पोस्टमन सुदाम म्हणायचा, "काल भाऊंच्या घरी काही तरी झालं वाटते."

झालेलं असायचं ते बहुधा सायकलीवरूनच. आणि बोलणं झालेलं असायचं मालतीवहिनींशी, म्हणजे त्यांच्या पत्नीशी. वहिनी मोठ्या स्पष्ट बाई. पहिल्यांदा मी त्यांच्या घरी गेले तेव्हा मुलीच्या लग्नानंतर रिकामी झालेली आतली खोली त्यांनी मला दाखवली. पलंगाच्या जागी लाकडी घोडीवर एक सायकलचा सांगाडा उभा होता. चाकं नाहीत, हँडल नाही, काही नाही.

"पाह्यलं नं, ताई," वहिनी म्हणाल्या. "लेक दिली अन् हे आणलं. पावसाळ्यात माह्या पापडाच्या डब्यावर कधी प्लास्टिक नाई टाकलं यानं. याच्यावर टाकते."

सांगाडा मिळाला त्याची हकिगत भाऊंनी मला काउंटरवर तुकड्या-तुकड्याने सांगितली होती. वर्ध्याजवळच्या एका जुन्या संस्थेत ते पंप दुरुस्तीला गेले होते. तिथल्या गोठ्याच्या खिडकीला गज नव्हते, म्हणून बकऱ्या आत शिरू नयेत यासाठी कोणीतरी त्या खिडकीत सायकलची एक फ्रेम आडवी ठोकून दिली होती. फाटकाला दिलेला हिरवा रंग उरला असेल, तोच तिलाही फासलेला. भाऊ पंप सोडून तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. नळ्या जिथे जोडतात तिथलं कोरीवकाम त्यांनी बोटाने चाचपलं. संस्थेतल्या म्हाताऱ्या व्यवस्थापकांनी सांगितलं की फार पूर्वी एक गोरा पोरगा युरोपातून सायकल चालवत आला होता, वर्षभर राहिला, सूत कातायला शिकला आणि जाताना सायकल इथेच टाकून गेला. चाकं कचऱ्याच्या गाडीला लागली. बाकीचं कुठे गेलं, देव जाणे. भाऊंनी स्वतः खिडकीला नवे गज बसवून दिले आणि ती फ्रेम खांद्यावर टाकून घरी आणली.

घरी येऊन त्यांनी एका कोपऱ्यात नखाएवढा हिरवा रंग खरवडला. खाली तांबडा निघाला. तांबड्याच्या खाली आकाशी. पायडलांच्या जागेखाली ठोकलेल्या आकड्यांवरून साल निघालं, शहात्तर.

"त्या दिवशी जेवले नाई हे," वहिनी सांगायच्या. "मले वाटलं, पोट दुखून राह्यलं."

त्या आकाशी रंगाने भूक का उडाली, त्याचं कारण जुनं होतं. मधूभाऊंच्या वडिलांची केळझरजवळ भाजीची वाडी. वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर, मेथी काढायची, दोन टोपल्या सायकलच्या कॅरियरला बांधायच्या आणि वर्ध्याच्या बाजारात न्यायच्या, हे पोराचं काम. शहात्तर साली भाऊ एकोणीस वर्षांचे होते. एका सकाळी वांगी घेऊन निघाले असताना मागून सायकलींच्या शर्यतीचा घोळका आला आणि सपकन पुढे निघून गेला. रंगीत शर्ट, वाकलेल्या पाठी, आणि चेनचा आवाज, "पिंपळाच्या पानाइतकाच." भाऊंनी टोपल्यांसकट त्यांच्या मागे सायकल हाणली. शेवटच्या माणसाच्या मागे ते बराच वेळ टिकले असं ते सांगायचे, आणि मी त्यावर विश्वास ठेवते. पुढे चढावर त्या शेवटच्या माणसाचं टायर फुटलं. तो पलटणीतला शिपाई होता, उत्तरेकडचा. रस्त्याच्या कडेला बसून त्याने टायर बदललं, पण शर्यत तोवर हातची गेली होती. भाऊंनी त्याला आपल्या बाटलीतलं पाणी दिलं. पाणी पिऊन तो या टोपलीवाल्या पोराला म्हणाला, "चला के देखोगे?"

"मॅडम, मी पायडलवर पाय ठेवला," भाऊ सांगत होते, आणि काउंटरवर त्या वेळी कोणी नव्हतं म्हणून मीही ऐकत होते. "आमची सायकल म्हणजे बैलासारखी. आधी दम द्या, मंग हालते. हे तसं नाई. मनात आलं अन् ती निघाली. आकाशी रंग होता. तिकडं एक फर्लांगभर गेलो असन अन् वापस आलो. तेवढ्यात एका गाईनं अर्धी वांगी खाल्ली. बाबानं लय मारलं."

"मग तुम्ही शर्यती खेळलात?"

"दोनदा. भाजीच्या सायकलवर. एकदा शेवटून दुसरा आलो." ते दोरीचं टोक बोटाभोवती गुंडाळायला लागले. "मंग बाबाचे गुडघे गेले. मंग दुकान आलं."

ही सगळी हकिगत त्यांनी कसलीही खंत न दाखवता सांगितली. मला वाटायचं, म्हातारपणी माणसं देवळात जातात, हे सायकलीत रमले, एवढंच. पण एकदा मी मुद्दामच विचारलं. त्या दिवशी इटलीहून एक लहानसं खोकं आलं होतं. त्यात गिअर बदलणारा मागचा सांधा होता, आणि त्याच्या आतली स्प्रिंग नंतरच्या सालची निघाली होती. डोळ्यांना न दिसणारी स्प्रिंग. भाऊ ती परत पाठवायला निघाले होते.

मी म्हटलं, "भाऊ, आत काय आहे हे कोणी उघडून पाहणार आहे का?"

ते टेबलाशी बसले. दोरी हातात तशीच होती.

"मॅडम, नवीन सायकल काही घेता नव्हती येत असं नाई. पोरगा पुण्याहून रोज म्हणते, बाबा, चांगली हलकी घेऊन देतो. पण मले ती नाई पाह्यजे. त्या साली मी एकोणीस वर्षांचा होतो. मले वाटे, आपलं काही बी होऊ शकते. मंग माह्या आंगची एकेक वस्तू बदलत गेली. कोण्या साली कोणती बदलली, मले सांगता नाई येत. माहीतच नाई पडलं. सायकलीचं तं सांगता येते नं. हा बोल्ट तेव्हाचा आहे, हा नाई. तेवढं तरी बरोबर करतो."

मग त्यांनी दोरी बांधायला घेतली आणि वेगळ्याच विषयावर बोलू लागले.

त्या हिवाळ्यात त्यांनी ओसरीवर बसून फ्रेमवरचा हिरवा रंग काढला. कोणी म्हणालं, भट्टीत टाका, सगळं उतरेल, मग हवा तो आकाशी मारून घ्या. भाऊंना नवा आकाशी नको होता. खालचाच हवा होता. कापसाच्या बोळ्याला थिनर लावून ते बोटभर जागा घ्यायचे, हिरवा ढिला करायचे, पुसायचे, मग तांबडा, मग थांबायचे. वहिनी पलीकडे बसून क्रोशाचे रुमाल विणत. दोघं तासन्‌तास एकमेकांशी बोलत नसत, पण जागा बदलत नसत. संक्रांतीला मी तिळगूळ द्यायला गेले तेव्हा फ्रेमवर आकाश उगवलेलं होतं. फिकट, चरे पडलेलं, एका बाजूने उन्हाने उडालेलं. वहिनी म्हणाल्या, "एवढ्या मेहनतीत भांडे घासले असते तं सोन्याचे झाले असते." पण म्हणताना त्यांनी पदराच्या टोकाने फ्रेमवरचा एक डाग पुसला, हे मी पाहिलं.

हळूहळू हँडल आलं, सीट आली, पायडलं आली. पायडलांना पुढे लोखंडी चाप आणि पाय आवळून धरायला कातडी पट्टे. प्रत्येक पार्सलच्या वेळी भाऊ टेबलाशी उभे राहून गाठी सोडवत, आणि माझ्या कचेरीतली माणसं काम सोडून बघत. सुदाम तर पार्सल हातात घेऊनच सांगायला लागला, "भाऊ, हे ठेवाल तुम्ही. हे वापस नाई जाणार."

चाकांच्या रिमा आल्या तो दिवस मला नीट आठवतो. खोकं मोठं होतं. भाऊ टेबलाशी उभे राहिले, गाठ धरली आणि बराच वेळ तसेच राहिले. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत होती, जणू काही न दिसणारी गोळी वळत होते. गाठ काही सुटेना. शेवटी ते काउंटरशी आले.

"मॅडम, कात्री द्या बरं."

मी दिली. त्यांनी दोरी कापली.

वर्ध्याच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. औषधं सुरू झाली. हाताची थरथर एक वेळ चालली असती, पण पाय दगा द्यायला लागले. भाऊ खुर्चीतून उठायचे, दोन पावलं नीट टाकायचे आणि उंबरठा आला की तिथेच थिजायचे. मन पुढे जायला सांगतंय आणि पाय ऐकतच नाहीत. दुकानात शटरखालच्या लोखंडी पट्टीशी असे अडकलेले त्यांना मी समोरून कितीदा पाहिलं असेल. गिऱ्हाईक हात धरायला जायचं तर म्हणायचे, "नाई, थांबा. येतो मी."

वहिनींना डॉक्टरांनी एक युक्ती सांगितली होती. जमिनीवर आडव्या रेघा असल्या की अशा माणसाला पाऊल टाकणं सोपं जातं. दुसऱ्या दिवसापासून काळबांड्यांच्या दारातली रांगोळी बदलली. फूल नाही, ठिपके नाहीत. उंबरठ्यापासून फाटकापर्यंत पांढऱ्या आडव्या रेघा, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. भाऊ त्या रेघा ओलांडत फाटकापर्यंत यायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटे, हे काय नवीन व्रत आहे. वहिनी कोणाला समजावत बसल्या नाहीत.

सायकल मात्र थांबली. चाकं गुंफायची राहिली होती. आरे एकात एक घालून चाक उभं करायचं म्हणजे स्थिर बोटांचं काम. भाऊंनी दोन महिने प्रयत्न केला. आऱ्याचं टोक छिद्रात शिरायचंच नाही, आऱ्याला रिमशी धरणारं इवलंसं निपल हातातून उडून पलंगाखाली जायचं. गावातला सायकलवाला करून देतो म्हणाला, पण भाऊंनी नकार दिला. त्या आठवड्यात घरातल्या प्रत्येक बिजागरीला तेल मिळालं.

एका रविवारी मी गेले तर भाऊ खुर्चीत बसलेले आणि वहिनी खाली सतरंजीवर, मांडीवर चाकाची रिम घेऊन. चष्मा नाकावर उतरलेला.

"दोन वरून, एक खालून," भाऊ सांगत होते. "मंग एक घर सोड."

"मले दिसते, कोणतं घर सोडाचं ते."

"नाई, तू उलटं घेऊन राह्यली."

"तुम्ही एक सांगा, क्रोशाची सुई तुम्ही धरली होती का कधी?"

भाऊंनी पुढचा आरा उचलून त्यांच्यापुढे धरला. मला बघून वहिनी म्हणाल्या, "पाहा नं, ताई. सोपं आहे हे. यानं उगीच बाऊ करून ठेवला होता. लोखंडाचा रुमालच आहे."

ते चाक तीनदा उकललं. प्रत्येक वेळी वहिनींनीच उकललं, भाऊ ठीक आहे म्हणत असताना. चाक फिरवलं की ते जराही डुलता कामा नये, त्याला आऊट काढणं म्हणतात. वहिनींनी प्रत्येक आरा बोटाने छेडून बघायचं ठरवलं. लहानपणी भजनी मंडळात पेटी वाजवायच्या, त्यामुळे कान तयार होता. ढिल्या आऱ्याचा सूर उतरलेला लागायचा. भाऊ डोळे मिटून ऐकायचे आणि दोघं मिळून म्हणायची, "हा."

दसऱ्याला सायकल पुरी झाली. मुलगा नीलेश पुण्याहून आला होता. मी आपट्याची पानं घेऊन गेले तेव्हा अंगणात स्कूटी, पंप, पाने-पक्कड यांच्या पूजेबरोबर ती सायकल उभी होती. हँडलला झेंडूची माळ. खरं सांगायचं तर मला तोवर ती सगळी खटपट जराशी वेडेपणाची वाटत आली होती. पण त्या सकाळी तिच्यासमोर मी नुसती उभी राहिले. कुठलाही भाग आपल्याकडे बघा म्हणत नव्हता. सगळं एकाच वयाचं होतं.

भाऊ दारातून रेघांवरून आले. पण पूजेसाठी अंगण सारवलं होतं आणि अर्ध्यात रेघा संपल्या होत्या. तिथे ते थिजले. नीलेश धावला. भाऊंनी त्याला हाताने थांबवलं, कसाबसा तोल पुढे झोकला आणि सायकलची सीट धरली. आणि मग आम्ही सगळ्यांनी पाहिलं, की सायकल हातात आल्याबरोबर त्यांचे पाय सुटले. ती ढकलत ते सरळ फाटकापर्यंत चालत गेले, रेघांशिवाय. फाटकाबाहेर त्यांनी सायकल एका बाजूला कलती केली, पाय पलीकडे टाकला आणि निघाले.

वहिनींच्या हातात हळदी-कुंकवाचं ताट होतं, ते त्यांनी घट्ट धरलं. घरातल्या घरात पाण्याच्या माठापर्यंत न पोचणारा माणूस गल्लीच्या टोकापर्यंत सरळ रेषेत गेला. पाठ वाकलेली, कोपर आत. हाताची थरथर कुठेच नव्हती. तिथे वळून ते परत आले. तोंडावर हसू वगैरे काही नव्हतं. फार लक्ष देऊन काम करणाऱ्या माणसाचा चेहरा होता तो.

फाटकाशी थांबायचं होतं. पण पायडलच्या पट्ट्यातून पाय निघाला नाही. सायकल थांबली आणि भाऊ तिच्यासकट आडवे झाले.

मनगट मोडलं. सायकलला एक चरा पडला. नीलेशने वडिलांना वर्ध्याला नेलं, प्लास्टर घातलं आणि पुण्याला परत जाण्याआधी बैठकीच्या भिंतीत दोन मजबूत हुक ठोकून सायकल उंच लटकवून टाकली. त्याचं काही चुकलं नाही. दुसऱ्या कोणत्याही मुलाने हेच केलं असतं. जाताना तो मला पोस्टात भेटून गेला. म्हणाला, "मॅडम, लक्ष ठेवा. त्यांना ती बघायला मिळाली, तेवढं पुष्कळ झालं."

त्यानंतर मी दोन-तीनदा गेले. भाऊ बैठकीत सायकलखाली बसलेले असायचे, आपल्याच घरी पाहुणे आल्यासारखे. एकदा म्हणाले, "छान दिसते नं, मॅडम. फोटोसारखी." दुकान नोकर बघत होता. साल विचारणारं कोणी नसल्यामुळे धंदा जरा वाढला होता. प्लास्टर निघालं तरी ते खुर्चीतून उठायला उत्सुक नसायचे. वहिनींनी घातलेल्या रेघा दुपारपर्यंत तशाच, न मोडलेल्या.

सायकल खाली काढली ती वहिनींनी. मला हे नंतर कळलं. एक दिवस त्या एकट्याच बसने वर्ध्याला गेल्या आणि डॉक्टरांना त्यांनी गल्लीतला प्रकार सगळा सांगितला. डॉक्टर तरुण होते. त्यांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, या आजारात असं होतं कधी कधी. चालताना अडकणारा माणूस सायकल चालवू शकतो. मोकळा रस्ता हवा, गाड्या नकोत, कोणीतरी सोबत हवं, आणि पाय मोकळे पाहिजेत. हेही सांगितलं की हे कायम टिकेल याची खात्री नाही.

वहिनींनी नीलेशला फोन लावला. त्यांचं बोलणं त्यांनीच मला सांगितलं. "मी म्हटलं, बाबू, तुह्ये हुक चांगले आहेत. पण चाक मी विणलं आहे. मी विणलेलं भिंतीवर नाई राहात. अन् तुह्ये बाबाही आता भिंतीवर टांगल्यासारखेच राहून राह्यले. मले दोघं खाली पाह्यजेत." नीलेशने आधी डॉक्टरांचं म्हणणं पुन्हा विचारून घेतलं. मग म्हणाला, "आई, हेल्मेट मी पाठवतो."

पुढच्या रविवारी भाऊंनी स्वतः पायडलं बदलायला घेतली. मी होते तिथे. चाप आणि कातडी पट्टेवाली ती जुनी पायडलं मिळवायला त्यांना जवळपास वर्ष लागलं होतं. त्यांनी पाना लावला, हात थरथरला, वहिनींनी पान्यावर आपला हात ठेवला आणि पायडल ढिलं झालं. त्या जागी त्यांनी आपल्या दुकानातली साधी रबरी पायडलं बसवली, दूधवाल्यांच्या सायकलीला असतात तसली. जुनी जोडी वहिनींनी कागदात गुंडाळली आणि दोरीने बांधली. भाऊ त्या गाठीकडे बघत होते.

मला राहवलं नाही. मी विचारलं, "भाऊ, या पायडलांचं साल काय?"

ते फ्रेमवर हात टेकून उभे राहिले. "यंदाचं, मॅडम," ते म्हणाले. "यंदाचंच पाह्यजे आता."

साठी उलटलेल्या मालतीवहिनी आतापर्यंत घरच्या स्कूटीवर भाऊंच्या मागे बसायच्या. आता त्या चालवायला शिकल्या, कारण सोबतीला कोणीतरी हवं होतं. सकाळी सूर्य वर आल्यावर हिंगणीच्या रस्त्याने, बोर धरणाच्या दिशेने, पुढे आकाशी सायकल आणि मागे स्कूटी, असं ते निघायचे. गाव आधी हसलं, मग सरावलं. भाजीवाल्या बाया टोपल्या घेऊन येताना त्यांना वाट द्यायला लागल्या. माझ्यासमोर दोन हिवाळे हे चाललं. त्या काळात भाऊ दुकानातही येऊन बसू लागले आणि धंदा पुन्हा पूर्वीसारखा मंद झाला.

मग माझी हिंगणघाटला बदली झाली. त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. त्यापुढच्या पावसाळ्यात ते गेले. न्युमोनिया झाला होता. वहिनींचा फोन आला तेव्हा त्या रडत नव्हत्या. म्हणाल्या, "होळीपर्यंत चालवली, ताई. मंग तोल जाले लागला तं स्वतःच म्हणे, आता पुरे." फोन ठेवल्यावर मला आठवत राहिली ती शेवटची भेट.

कचेरीच्या कामाने मी सेलूला आले होते. काम लवकर संपलं म्हणून त्यांच्या घरी गेले, तर कुलूप. शेजारीण म्हणाली, "रस्त्यावर असतील, या वेळी." मी रिक्षा केली आणि हिंगणीच्या वाटेवर, जिथे शेताकडे एक कच्चा रस्ता फुटतो आणि जागा चांगली रुंद आहे, तिथे उतरून उभी राहिले. दोन्ही बाजूंना गहू उभा होता. थोड्या वेळाने ते दोघं येताना दिसले.

भाऊ फार वाळले होते. हेल्मेटखाली चेहरा एवढासा झाला होता. त्यांनी मला ओळखलं, वेग कमी केला, पण थांबले नाहीत. त्या रुंद जागेत त्यांनी सायकल हळूच वळवली आणि माझ्याभोवती गोल फिरायला लागले.

"थांबलो का फिरून निघाले लय वेळ लागते, मॅडम," ते म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "तुम्ही उभ्या राहा. मी असाच बोलतो."

मी उभी राहिले आणि ते फिरत राहिले. पाठीमागे गेले की आवाज यायचा नाही, म्हणून समोर आले की एकेक वाक्य. हिंगणघाट कसं आहे. पोरीचं शिक्षण कुठवर आलं. नवीन पोस्टमास्तर चांगला आहे, पण बोलत नाही. मी उत्तर द्यायची तोवर ते पुढे गेलेले असायचे, म्हणून मीही त्यांच्याबरोबर जागच्या जागी वळायला लागले. पुढे स्कूटीचा स्टँड लावून वहिनी कडेला उभ्या होत्या आणि हसू दाबत होत्या. चेनचा आवाज म्हणजे नुसती कुजबुज होती.

"तब्येत कशी आहे, भाऊ?" मी शेवटी विचारलं.

त्यांनी अख्खी एक फेरी घेतली. समोर आले तेव्हा म्हणाले, "सकाळी चांगली असते."

"चला," वहिनींनी हाक दिली. "ऊन वाढून राह्यलं."

"येतो मॅडम," भाऊ म्हणाले. "येजा घरी."

पुढच्या वळणावर ते गोलातून सुटले आणि रस्त्याला लागले. वहिनींनी स्कूटी सुरू केली, माझ्याकडे बघून मान हलवली आणि मागून निघाल्या. मी अजून त्या जागेच्या मधोमध उभी होते. धुळीत माझ्याभोवती त्यांच्या चाकांचे गोल उमटले होते, एकात एक मिसळलेले, आणि त्यांतून एकच रेघ बाहेर निघून गावाकडे गेली होती.